समाजमाध्यमे आणि किशोरवयीनांची देहप्रतिमा

किशोरवयीन मुलामुलींच्या आरोग्याचा विचार करताना आपल्यासमोर आजवर प्रामुख्याने तीन प्रश्न असत : पुरेसा व सकस आहार, रक्तक्षयाचे निवारण आणि साथीच्या रोगांपासून संरक्षण. हे प्रश्न अद्याप सुटलेले नाहीत. मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न येऊन उभा राहिला आहे. तो वजनकाट्यावर दिसत नाही, रक्ततपासणीत उतरत नाही. परंतु मुलांच्या ताटातील अन्नावर, त्यांच्या झोपेवर, अभ्यासावर आणि आत्मविश्वासावर त्याचा परिणाम होतो. मोबाईलच्या पडद्यावर रोज शेकडो सुंदर, सडपातळ, गोरे वा पीळदार देह पाहणाऱ्या मुलामुलींच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी निर्माण होणाऱ्या असमाधानाचा हा प्रश्न होय.

हा केवळ महानगरांतील सुखवस्तू कुटुंबांचा प्रश्न आहे, असा समज अनेकदा आढळतो. तो खरा नाही. स्वस्त मोबाईल व स्वस्त इंटरनेट यांमुळे मुंबईतील मुलगी जी चित्रे पाहते, तीच चित्रे गडचिरोली वा नंदुरबार जिल्ह्यातील मुलगीही पाहते. म्हणूनच शिक्षक, आरोग्य कर्मचारी, पंचायत सदस्य आणि प्रशासनातील अधिकारी या सर्वांना या विषयाची साधार माहिती असणे आवश्यक झाले आहे.

देहप्रतिमा म्हणजे काय?

आपले शरीर कसे दिसते, याविषयी आपल्या मनात असलेले चित्र आणि त्या चित्राविषयी आपल्याला वाटणारे समाधान अथवा असमाधान, यांना मिळून मानसशास्त्रात देहप्रतिमा असे म्हणतात. हे चित्र आरशातील प्रतिबिंबाशी जुळतेच असे नाही. निरोगी वजनाची मुलगी स्वतःला स्थूल समजू शकते आणि सुदृढ मुलगा स्वतःला दुबळा मानू शकतो.

हे चित्र माणूस एकट्याने तयार करीत नाही; इतरांशी तुलना करीत करीत ते घडते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. ज्या बाबतीत मोजमापाचे वस्तुनिष्ठ साधन हाताशी नसते, त्या बाबतीत माणूस स्वतःला इतरांच्या तुलनेत मोजतो, हे त्याचे सूत्र. पूर्वी ही तुलना वर्गातील मैत्रिणी, भावकीतील भावंडे आणि गावातील समवयस्क यांच्यापुरती मर्यादित असे. त्या वर्तुळात उंच-बुटके, काळे-गोरे, कृश-स्थूल असे सर्व प्रकारचे देह असत. त्यामुळे तुलना होत असली तरी ती माणसांच्या खऱ्या वैविध्याशी होत असे.

अर्थात, पूर्वीचा काळ या बाबतीत निर्दोष होता असे म्हणता येणार नाही. ‘काळ्या’, ‘ढब्बू’, ‘लुकडी’, ‘काडी पैलवान’ ही नावे समाजमाध्यमांनी दिलेली नाहीत; ती आपल्याच शाळांच्या पटांगणांवर आणि घरांच्या ओसरीवर जन्मली. विवाहविषयक जाहिरातींतील ‘गोरी, सडपातळ’ ही अट वृत्तपत्रांच्या पानांवरही होतीच. रंग उजळ करणारी म्हणून गाजलेली ‘फेअर अँड लव्हली’ ही क्रीम आपल्या देशात १९७५ मध्ये बाजारात आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द वगळण्यात आला. या ४५ वर्षांत गोऱ्या रंगाचा आणि यशाचा संबंध जाहिरातींतून कित्येक पिढ्यांच्या मनावर ठसविला गेला. समाजमाध्यमांना ही जमीन आयतीच नांगरलेली मिळाली.

फिजी बेटांचा अनुभव

दृश्य माध्यमे देहप्रतिमेवर किती वेगाने परिणाम करू शकतात, याचे एक बोलके उदाहरण प्रशांत महासागरातील फिजी या द्वीपराष्ट्रात मिळते. तेथील पारंपरिक समाजात भरदार, धष्टपुष्ट देह हा सुस्थितीचे व कुटुंबाच्या मायेचे लक्षण मानला जात असे. पाहुण्याला आग्रहाने जेवू घालणे ही तेथील रीत. नाद्रोगा प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणीचे आगमन झाले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधक ॲन बेकर यांनी त्याच वर्षी तेथील शाळकरी मुलींची आहारविषयक वृत्तीची पाहणी केली आणि १९९८ मध्ये तशीच पाहणी पुन्हा केली.

या तीन वर्षांत आहारविकृतीकडे झुकणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी १९९५ मध्ये आढळली नव्हती. १९९८ मध्ये अशा मुलींचे प्रमाण ११.३ टक्के होते. मालिकांतील नायिकांसारखे दिसल्यास चांगली नोकरी मिळेल, असे काही मुलींनी मुलाखतीत सांगितले. पाहणीतील मुलींची संख्या दोन्ही वेळी साठ-पासष्टच्या घरात होती आणि समाजात त्या काळात इतर बदलही घडत होते. तरीही ज्या समाजात कृशतेचे कौतुकच नव्हते, तेथे ते इतक्या अल्पावधीत रुजू शकले, ही बाब विचार करायला लावणारी आहे. दूरचित्रवाणी हे तर एकतर्फी माध्यम. ज्या माध्यमात मुलगी स्वतःचेच छायाचित्र टाकते आणि त्यावर इतरांचे अभिप्राय मोजते, त्याचा प्रभाव अधिक खोल असणे स्वाभाविक आहे.

पडद्यामागील यंत्रणा

समाजमाध्यमांवरील चित्रांबाबत दोन तांत्रिक गोष्टी प्रत्येक शिक्षकाने समजून घेणे उपयुक्त ठरेल. पहिली गोष्ट फिल्टरची. मोबाईलचा कॅमेरा चेहऱ्यावरील डोळे, नाक, ओठ, हनुवटी यांच्या कडांवर अनेक बिंदू निश्चित करतो. त्या बिंदूंमधील अंतरे बदलून डोळे मोठे, नाक बारीक आणि जबडा निमुळता करता येतो. त्वचेवरील डाग, छिद्रे व सुरकुत्या पुसून तिचा रंग उजळविता येतो. हे सर्व क्षणार्धात आणि चालत्या चित्रातही घडते. परिणामी पाहणाऱ्यास समोरचा चेहरा संस्कारित आहे याची जाणीव राहत नाही. याहून गंभीर बाब अशी की, मुलगी स्वतःच्याच फिल्टर लावलेल्या चेहऱ्याशी खऱ्या चेहऱ्याची तुलना करू लागते. ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. फसणारे आणि फसविणारे यांत मात्र फरक उरत नाही.

दुसरी गोष्ट शिफारस-यंत्रणेची. आपण कोणत्या चित्रफितीवर किती सेकंद थांबलो, कोणती पुन्हा पाहिली, कोणती पुढे पाठविली, याची नोंद संगणक ठेवतो आणि त्याच प्रकारच्या चित्रफिती पुढे करतो. एखाद्या मुलीने पोट कमी करण्याच्या व्यायामाची एक चित्रफीत कुतूहलाने पाहिली, तर पुढील काही दिवस तिच्या पडद्यावर तोच विषय वाढत जातो. यंत्रणेला तिच्या हिताचे वा अहिताचे ज्ञान नसते. तिचे लक्ष अधिकाधिक काळ टिकवून ठेवणे एवढाच तिचा हिशेब असतो. कारण जितका वेळ अधिक, तितक्या जाहिराती अधिक.

या परिणामांची कल्पना कंपन्यांनाही होती, हे २०२१ मध्ये उघड झाले. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी बाहेर आणलेल्या अंतर्गत कागदपत्रांनुसार, आपल्या शरीराविषयी वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे अधिकच वाईट वाटले, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी कंपनीच्याच पाहणीत सांगितले होते. हॉगन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. या निष्कर्षांचा विपर्यास करण्यात आला असून अनेक मुलांना माध्यमाचा आधारही वाटतो, असे कंपनीचे म्हणणे होते. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी मे २०२३ मध्ये प्रसृत केलेल्या सूचनापत्रात १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांचे मत दिले आहे. समाजमाध्यमांमुळे आपल्या देहाविषयी अधिक वाईट वाटते, असे त्यांपैकी ४६ टक्के मुलांनी सांगितले. ४० टक्क्यांना काही फरक वाटला नाही, तर १४ टक्क्यांना अधिक चांगले वाटले. म्हणजे परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. जे मूल आधीच चिडवले गेले आहे, एकाकी आहे किंवा खिन्न आहे, त्याला धोका अधिक, हे लक्षात ठेवावयास हवे.

आपल्या राज्यातील संदर्भ

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न मुख्यतः भरल्या ताटासमोर उपाशी राहणाऱ्या मुलींचा म्हणून चर्चिला गेला. आपल्याकडे त्याला वेगळी आणि अधिक चिंताजनक पार्श्वभूमी आहे. २०१९-२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. देशपातळीवर १५ ते १९ वर्षांच्या मुलींमध्ये हे प्रमाण ५९.१ टक्के होते. याच सर्वेक्षणात राज्यातील सुमारे एक पंचमांश स्त्रिया प्रमाणापेक्षा कमी वजनाच्या, तर जवळजवळ एक चतुर्थांश स्त्रिया प्रमाणापेक्षा अधिक वजनाच्या आढळल्या. कुपोषण आणि स्थूलता एकाच तालुक्यात, प्रसंगी एकाच घरात नांदत आहेत.

अशा परिस्थितीत जी मुलगी ‘बारीक’ होण्यासाठी सकाळची न्याहारी सोडते, दुपारची भाकरी अर्ध्यावर आणते आणि रात्री नुसत्या काकडीवर झोपते, ती आधीच कमी असलेल्या रक्तातून खर्च करीत असते. पौगंडावस्थेत मुलींच्या शरीरात मेदाचे प्रमाण वाढणे, नितंब रुंदावणे, वजन वाढणे हा निसर्गाचा क्रम आहे. हाडांची घडण आणि मासिक पाळीचे नियमन यांसाठी हे बदल आवश्यक असतात. नेमक्या याच वयात पडद्यावरील चित्र तिला सांगते की, हे वाढणे म्हणजे बिघडणे आहे. शरीर वाढत असते आणि मन त्या वाढीशी भांडत असते.

रंगाच्या बाबतीत धोका याहून थेट आहे. त्वचा झटपट उजळ करणाऱ्या काही बेनामी क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडास इजा करतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदविले. त्यांपैकी १५ जणांच्या तपासणीत एक विशिष्ट प्रकारचे प्रथिन आढळले आणि या १५ पैकी १३ जणांनी आजाराची लक्षणे दिसण्यापूर्वी रंग उजळ करणारी क्रीम वापरली होती. दुसरा धोका स्टिरॉइडयुक्त मलमांचा. ही मलमे काही त्वचाविकारांवर वैद्यकीय देखरेखीखाली उपयुक्त आहेत. परंतु चेहऱ्यावर ती महिनोन्‌महिने चोळल्यास त्वचा पातळ होते, लाल होते, मुरुमे व केस वाढतात. अशी अनेक मलमे वैद्यकीय चिठ्ठीविना विकू नयेत, अशी तरतूद केंद्र शासनाने २०१८ मध्ये केली. ज्या डब्यावर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक व घटकांची यादी नाही, ती क्रीम वापरू नये, एवढा साधा नियमही अनेकांचे मूत्रपिंड वाचवू शकेल.

मुलगे या प्रश्नातून सुटलेले नाहीत. आपल्याकडे तालमीची परंपरा जुनी आहे. तेथे शरीर कमावणे म्हणजे वर्षानुवर्षांची मेहनत, दूध-भाकरी आणि वस्तादाची शिस्त. पडद्यावरील देह मात्र तीन महिन्यांत हवा असतो. स्वतःचे शरीर कितीही कमावले तरी ते किरकोळच वाटणे, या विकृतीचे वर्णन अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हॅरिसन पोप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केले. अशी मुले व तरुण स्टिरॉइडच्या इंजेक्शनांकडे वळतात. भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वाढविण्यासाठी वापरले जाणारे मेफेन्टरमाइन हे औषधही व्यायामाचा जोर वाढविण्यासाठी टोचून घेतले जाते. हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, रक्तदाबातील वाढ आणि व्यसन ही त्याची किंमत असते.

दिसण्यावरून आरोग्य कळते काय?

देहाविषयीच्या चर्चेत वजनाचा प्रश्न टाळता येत नाही आणि टाळूही नये. मात्र वजन, दिसणे आणि आरोग्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ ॲडॉल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला. लोकसमूहांची सरासरी समजून घेणे हा त्यांचा हेतू होता. एका व्यक्तीचे आरोग्य ठरविणे हा नव्हता. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे त्याचे आजचे नाव १९७२ मध्ये अँसेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केले.

या निर्देशांकाची मर्यादा दाखविणारे एक उदाहरण थेट पुण्याचे आहे. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता. छायाचित्रात दोघेही सडपातळ दिसतात. परंतु मोजणीत युडकिन यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण २१.२ टक्के निघाले. ही तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुण्याजवळील सहा गावांत डॉ. याज्ञिक व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो आढळले. स्नायूंच्या बाबतीत आपली बालके बरीच मागे होती. मेदाच्या बाबतीत मात्र फारशी मागे नव्हती.

यातून निघणारा अर्थ महत्त्वाचा आहे. सडपातळ दिसणारा भारतीय माणूस मधुमेहापासून सुरक्षित आहे असे समजता येत नाही आणि भरल्या अंगाची व्यक्ती आजारीच असेल असेही म्हणता येत नाही. आरोग्य पाहावयाचे तर रक्तदाब, रक्तशर्करा, हिमोग्लोबिन, कंबरेचा घेर, दमसास, झोप आणि आहार पाहावयास हवा. कोणाच्या अंगाकडे नुसते पाहून शेरा मारणे हे शास्त्रालाही धरून नाही.

देहस्वीकाराची चळवळ : बळ आणि मर्यादा

सर्व प्रकारच्या देहांना मान मिळावा, ही मागणी समाजमाध्यमांहून जुनी आहे. स्थूल व्यक्तींना मिळणाऱ्या अपमानास्पद वागणुकीच्या निषेधार्थ १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे ५०० लोक जमले होते. १९६९ मध्ये अमेरिकेत स्थूल व्यक्तींच्या हक्कांसाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९९६ मध्ये कॉनी सोबचॅक व एलिझाबेथ स्कॉट यांनी कॅलिफोर्नियात ‘द बॉडी पॉझिटिव्ह’ ही संस्था काढली. पुढे २०१० नंतरच्या दशकात हाच विचार इन्स्टाग्रामवर पसरला आणि व्रण, कोड, स्थूलता वा अपंगत्व असलेल्या अनेकांनी आपली छायाचित्रे न लपविता प्रसिद्ध केली. ज्या मुलीला आपल्यासारखे कोणीच पडद्यावर दिसत नव्हते, तिला यातून धीर मिळाला, हे या चळवळीचे श्रेय होय.

ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशी छायाचित्रे पाहिल्यानंतर तरुण स्त्रियांचे मन प्रसन्न झाले व स्वतःच्या देहाविषयीचे समाधान वाढले, असे दिसून आले. मात्र त्याच प्रयोगात आणखीही एक गोष्ट आढळली. कृश देहांची चित्रे असोत वा देहस्वीकाराची, दोन्ही पाहिल्यानंतर स्त्रिया स्वतःविषयी बोलताना दिसण्याचाच उल्लेख अधिक करीत होत्या. म्हणजे ‘तू सुंदरच आहेस’ असे सांगतानाही लक्ष सौंदर्यावरच राहते. म्हणून आता अनेक तज्ज्ञ निराळी दिशा सुचवितात. शरीर कसे दिसते यापेक्षा ते काय करते, याकडे लक्ष वेधावे, असे त्यांचे म्हणणे आहे. भात लावणारे, डोंगर चढणारे, लेजीम खेळणारे, बाळ कडेवर घेणारे शरीर हे त्याच्या कामामुळे आदरास पात्र आहे. आपल्या श्रमजीवी समाजाला हा विचार परका वाटू नये.

देहस्वीकार म्हणजे आरोग्याकडे दुर्लक्ष नव्हे, हेही स्पष्ट करावयास हवे. मधुमेह असलेल्या व्यक्तीस आहार सांभाळण्याचा सल्ला अवश्य द्यावा. पण लाज वाटवून कोणी निरोगी होत नाही. लाजेपोटी माणूस दवाखाना, मैदान आणि पंगत या तिन्ही ठिकाणी जाणे टाळतो.

कायद्याचे संरक्षण

काही देशांनी या बाबतीत कायदे केले आहेत. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीतील मॉडेलचा देह संगणकावर कृश अथवा जाड केला असल्यास तसे चित्रावर लिहिणे बंधनकारक झाले. नॉर्वेत १ जुलै २०२२ पासून संस्कारित जाहिरातचित्रांवर शिक्का उमटविणे आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास प्रतिबंध करणारा कायदा डिसेंबर २०२५ मध्ये अमलात आला.

आपल्या देशातही तरतुदी आहेत. त्या माहीत मात्र फार थोड्यांना असतात. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये स्थूलता घालविण्याच्या अथवा उंची वाढविण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास मनाई आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. हा दंड जाहिरातीत शिफारस करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही होऊ शकतो. प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मुलांच्या मनात स्वतःच्या देहाविषयी प्रतिकूल प्रतिमा निर्माण करणारी जाहिरात करता येत नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने, सावळा रंग म्हणजे कमीपणा असे दाखवू नये, हा नियम २०१४ मध्ये घालून दिला. समाजमाध्यमांवरून मालाची शिफारस करणाऱ्यांनी गुण फुगवून दाखविणारे फिल्टर वापरू नयेत, हा नियम २०२१ मध्ये आला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना प्रतिबंध आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. फसव्या जाहिरातीविषयी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

शाळा, पंचायत आणि कुटुंब यांचे कार्य

कायदा जाहिरातीला आवर घालू शकतो. वर्गातील टोपणनावाला नाही. ते काम शिक्षकांचे आहे. शरीरावरून चिडविणे ही गंमत नसून शिस्तभंग आहे, हे शाळेत स्पष्ट असावे आणि प्रथम ते शिक्षकवृंदाने पाळावे. स्नेहसंमेलनातील नाटिकेत जाड मुलाला हमखास विनोदी पात्र आणि गोऱ्या मुलीला हमखास राजकन्येची भूमिका दिली जाते काय, याचाही विचार व्हावा. माध्यमांचे वाचन शिकविण्यासाठी वेगळ्या विषयाची गरज नाही. एकच छायाचित्र फिल्टरसह व फिल्टरविना वर्गात दाखविले आणि जाहिरातीतून कोणाला काय लाभ होतो हे मुलांना शोधावयास लावले, तर एका तासात पुष्कळ साधते.

आरोग्य तपासणीची पद्धतही तपासून पाहावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा मुलांचे वजन सर्वांसमोर मोठ्याने पुकारले जाऊ नये. वजन आडोशाला घ्यावे, आकडा नोंदवहीत लिहावा आणि सल्ला द्यावयाचा असल्यास तो मुलाला व पालकांना स्वतंत्रपणे द्यावा. यासाठी एका पैशाचाही खर्च नाही. साप्ताहिक लोहगोळी देताना तिचा उद्देश समजावून सांगितला आणि सोबत शक्ती, अभ्यासातील एकाग्रता व खेळातील दम यांचा संबंध जोडला, तर मुली ती अधिक विश्वासाने घेतील.

काही लक्षणांकडे शिक्षक, आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांनी विशेष लक्ष द्यावे. जेवण वारंवार टाळणे, सर्वांसोबत जेवायला न बसणे, जेवल्यानंतर लगेच न्हाणीघरात जाणे, मासिक पाळी बंद होणे, चक्कर येणे, दिवसातून अनेकदा वजन करणे, छायाचित्र काढू न देणे, तसेच मुलांच्या बाबतीत अतिरेकी व्यायाम आणि बेनामी भुकट्या व इंजेक्शने, ही ती लक्षणे होत. अशा मुलास रागावू नये वा त्याची समजूत चारचौघांत काढू नये. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत चालणाऱ्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये समुपदेशन मिळते. ‘टेलि-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला विनामूल्य मिळतो आणि संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

पंचायतींनाही बरेच करता येण्यासारखे आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक उपक्रम सुरू केला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाईल बंद ठेवले जातात. मुले अभ्यास करतात, माणसे एकमेकांशी बोलतात. कोणत्याही कायद्याविना, ग्रामस्थांच्या संमतीने हे घडले. मोबाईलचा वेळ घटल्याने देहप्रतिमेत फरक पडतो, याला संशोधनाचाही आधार आहे. कॅनडात १७ ते २५ वर्षे वयाच्या, मानसिक ताण जाणवत असलेल्या २२० विद्यार्थ्यांवर करण्यात आलेला एक प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी तीन आठवडे समाजमाध्यमांचा वापर दिवसाला एका तासापुरता ठेवला, त्यांचे आपल्या रूपाविषयीचे व वजनाविषयीचे समाधान लक्षणीय वाढले.

महिला सभा, बालसभा आणि बचत गटांच्या बैठका यांत हा विषय घेता येईल. गावातील मुलींना खेळण्यासाठी सुरक्षित मैदान आणि ठरावीक वेळ उपलब्ध करून देणे, हा तर या प्रश्नावरील उत्तम उपाय होय. कबड्डी-खोखो खेळणारी मुलगी आपल्या पायांकडे पाहते ती ते किती वेगाने धावतात म्हणून. व्यायामशाळांत विनापरवाना औषधे विकली जात असल्यास अन्न व औषध प्रशासनाला कळविणे, हेही स्थानिक लोकप्रतिनिधींचे कर्तव्य आहे.

पालकांच्या हाती दोन गोष्टी आहेत. मोबाईलमधील खाते मुलाच्या खऱ्या वयाने उघडणे ही पहिली. किशोरांच्या खात्यांसाठी इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतात लागू केलेली बंधने, जसे खाते खासगी असणे आणि १६ वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीविना ती शिथिल करता न येणे, खरे वय नोंदविल्यासच उपयोगी पडतात. दुसरी गोष्ट घरातील बोलण्याची. ‘उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील’, ‘जाड झालीस, आता लग्न कसे होणार’ ही वाक्ये पडद्यावरून येत नाहीत. ती स्वयंपाकघरातून येतात. आई जर आरशासमोर स्वतःच्या देहाला नावे ठेवीत असेल, तर मुलगी तेच शिकते.

समाजमाध्यमे आता जाणार नाहीत आणि त्यांचे उपयोगही थोडे नाहीत. मुलांच्या हातून मोबाईल हिसकावून घेणे हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. पडद्यावर दिसणारा देह कसा घडविला जातो, त्यातून कोणाला लाभ होतो आणि आपले शरीर प्रत्यक्षात कशासाठी आहे, हे त्यांना समजले पाहिजे. रक्तक्षयाविरुद्ध आपण गावोगाव जी मोहीम चालवीत आहोत, तिच्या यशासाठीही हे आवश्यक आहे. कारण लोहगोळी आणि सकस आहार मुलीपर्यंत पोहोचविणे हे शासनाचे काम असले, तरी आपले शरीर पोसण्यास योग्य आहे असे तिला स्वतःला वाटले, तरच ती ते ताट संपवील. हा विश्वास तिच्या मनात निर्माण करणे, हे शाळा, पंचायत आणि कुटुंब या तिघांचे संयुक्त कार्य आहे.